मुळे जमिनीतच राहू द्या

भातकापणी झाली की शेत रिकामे झाले, असे आमच्या आगरदांड्यात म्हणतात. मी आता तसे म्हणत नाही. वर धसकटे उभी असतात आणि खाली त्यांची मुळे माती धरून असतात. जमिनीची खरी कमाई ती.

आम्ही वाढलो ती रीत वेगळी होती. उन्हाळ्यात शेण, पातेरा, झाडांचे टहाळे पसरून राब भाजायचा, पावसावर रोप काढायचे, मग चिखळणी आणि लावणी. चिखळणीने शेतात पाणी टिकते, तण दबते, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. पण त्यात मातीचे कण सुटे होतात. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सुटी माती तो राजपुरीच्या खाडीकडे नेतो आणि उरलेली सुकली की विटेसारखी होते.

कर्जत तालुक्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातशेतीची जी पद्धत बसवली, तिला सगुणा राईस तंत्र म्हणतात. गादीवाफे एकदाच करायचे. लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर भोके पाडून बी टोकायचे. राब, चिखळणी, लावणी सगळे टळते. कापणीनंतर धसकटे उपटायची नाहीत; उरलेल्या ओलीवर वाल टोकायचा. पुढच्या पावसाळ्यात वाफे तेच.

मूळ जागच्या जागी कुजले की तिथे बारीक वाट राहते. तिच्यातून हवा आत जाते, पाणी मुरते. कुजक्या मुळांवर गांडुळे पोसतात. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात. आमच्या वाफ्यात आता हाताने माती उकरता येते.

कष्ट मात्र संपत नाहीत. मूळ पद्धतीत तणनाशक आहे. आम्ही ते टाळतो, पेंढा अंथरतो, खुरपे चालवतो. वाल राखायचा तर मोकाट गुरांसाठी कुंपणही लागते. खाडीलगतच्या खार जमिनीत हे जसेच्या तसे करू नये. तिथे पावसाचे गोडे पाणी साठवून मीठ धुवावेच लागते.

करून बघायचे असेल, तर निचऱ्याच्या एकाच खाचरापासून सुरुवात करा. भात कापा, मुळे ठेवा, वाल टोका. पुढच्या पावसात शेजारच्या नांगरलेल्या खाचरातून आणि तुमच्या खाचरातून बाहेर पडणारे पाणी ताडून पाहा. माती कोणाची वाहते आहे, ते तिथेच कळेल.