आधी घरातले नट मोजा

आठ मापांचा एकच पाना घरात असला की मिस्त्रीच्या पाया पडायला नको, या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली. त्या समजुतीपायी जे नट गेले, त्यांचा हा हिशोब. घरासाठी पाने घ्यायला निघालेल्याला तो उपयोगी पडावा.

तो पाना मी लातूरला एका प्रदर्शनात घेतला. दोन्ही टोकांना फिरती डोकी आणि प्रत्येक डोक्यात चार मापं. विकणारा फळीवर बसवलेले कोरे नट झटपट काढून-लावून दाखवत होता. कोरा, तेल लावलेला, चारी बाजूंनी मोकळा नट कोणत्याही पान्याने सुटतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. घरातला नट भिंतीला चिकटून असतो, त्यावर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढलेले असतात आणि वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावलेला नसतो.

२०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आमच्याकडे टँकरचं पाणी हौदात पडायचं आणि तिथून मोटारीने गच्चीवर चढायचं. ऐन त्या दिवसांत मोटार हवा धरू लागली. फ्लँजचं पॅकिंग बदललं की काम झालं असतं. मी आठ मापांचा पाना काढला. त्याचं जाड डोकं मोटार आणि भिंतीच्या मधल्या फटीत सरळ जाईना, म्हणून तिरकं घुसवलं आणि जोर लावला. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. शेवटी मिस्त्री आला, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "काका, नट पार गोल करून टाकलाव की!" त्याने छन्नीने नट फोडून काढला. तोवर घरातल्या सगळ्यांनी हौदातून बादल्या शेंदल्या.

चूक कुठे झाली हे त्यानेच दाखवलं. रिंग पाना नटाच्या सहाही कोपऱ्यांना धरतो आणि जोर वाटला जातो. साधा उघड्या तोंडाचा पाना समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो, पण माप बरोबर असेल तर पक्क्या धरतो. माझ्या पान्याची फिरती डोकी मुळातच थोडी ढिली होती. ढिल्या पान्याचा सगळा जोर कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे झिजतात. एकदा कोपरे गेले की पुढे चांगला पानाही निरुपयोगी.

पुढे नांदेडला राहायला आलो आणि दुसऱ्या टोकाला गेलो. आता स्क्रू पाना घेतला. हा पाना वाईट नाही. आज आपण वापरतो तो त्याचा घाट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट केला आणि तो अजून टिकून आहे. पण त्याचा एक जबडा स्थिर असतो, एक हलता. पाना हलत्या जबड्याच्या बाजूला फिरवायचा, म्हणजे मुख्य जोर स्थिर जबड्यावर येतो. मी तो हाताला येईल तसा लावत होतो. बेसिनखालचा पितळी नट मी असाच उलट्या बाजूने ओढला. पितळ मऊ, पान्याने त्याचा कोपरा सोलला. मग रागाच्या भरात पाईप पाना लावला. त्याच्या दातांनी उरलेलं काम केलं आणि नळाच्या चकचकीत मुलाम्यावर कायमचे ओरखडे उठले.

तिसरी चूक मोठ्या पेटीची. नग भरपूर, भाव कमी, म्हणून घेतली. त्यात निम्मे सॉकेट इंचांचे निघाले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेव्हा १३च्या नटाला ते बसतच नाही. पाऊण इंच मात्र १९.०५, म्हणून १९च्या नटावर बिनदिक्कत चालतं. हा फरक कळेपर्यंत मी १३च्या नटाला १४चा सॉकेट लावून मोकळा झालो होतो.

मग एका रविवारी उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. पाने बाजूला ठेवले आणि घरातले नट मोजले. मोटार, कूलर, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, मोटारसायकल. मापं निघाली १०, १२, १३, १४, १७ आणि १९. म्हणजे आठ मापांच्या पान्यातली काही मापं माझ्या घरात कुठेच नव्हती, आणि जी होती तीही तो नीट धरत नव्हता.

माझा निकाल असा. बहुमापी पाना प्रवासात, सायकलच्या पिशवीत किंवा नट नुसता धरून ठेवायला चालेल. घट्ट बसलेला नट सोडवायला नाही. घरासाठी १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ आणि १८-१९ हे दुतोंडी पाने आणि १३, १७चे रिंग पाने घ्या. बेसिन आणि नळाच्या मोठ्या नटांसाठी एकच, पण चांगला स्क्रू पाना ठेवा. पाईप पाना लोखंडी पाईपसाठी आहे, नळाला लावू नका. क्षार चढलेल्या नटावर आदल्या रात्री गंजावरचं तेल सोडा. आणि नट पहिल्या जोरात हलला नाही, तर जोर वाढवण्याआधी पान्याचं माप पुन्हा बघा.