रमाबाई ते गोपिकाबाई

आष्टी, जि. बीड

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दादाचा फोन आला होता. हातातली मालिका संपली की दुसरी घ्यायची नाही, दिग्दर्शनाकडे वळायचं, असं तू ठरवलंस म्हणून तो काळजीत आहे. मला मात्र मनापासून आनंद झाला. गणपतीत घरी आलीस तेव्हा फोनवर कुणाला तरी सांगत होतीस, आधीच्या शॉटमध्ये पदर खोचलेला होता, टिकली बारीक होती, केस ओले होते. पुढचं तसंच लागायला हवं. त्या प्रसंगात तुला वाक्य एकच होतं, पण अख्खा प्रसंग तुझ्या डोळ्यांपुढे उभा होता. दिग्दर्शनाची ओढ तुला तेव्हापासूनच असणार.

म्हणून मृणाल कुलकर्णींबद्दल लिहिते. दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागायची तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या. गोनीदांची नात ही ओळख होतीच, पण बघता बघता त्या सगळ्यांच्या रमाबाई झाल्या. रवींद्र मंकणी माधवराव पेशवे होते. पुढे ‘सोनपरी’, ‘अवंतिका’ आल्या. दिग्दर्शनाला हात घातला तो २०१३ साली, ‘प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं’ या चित्रपटाने. म्हणजे मधे पंचवीसेक वर्षं गेली. ती वाया गेली असं मी मुळीच मानत नाही.

आणि लगेच २०१४ साली त्यांनी ‘रमा माधव’ केला. पुन्हा तीच गोष्ट, तोच शनिवारवाडा. रमाबाई झाली पर्ण पेठे, माधवराव आलोक राजवाडे. मंकणी या वेळी माधवरावांचे वडील नानासाहेब झाले. स्वतः मृणालताईंनी गोपिकाबाईंची भूमिका घेतली, जिच्या धाकाखाली रमा वाढली ती सासू! मनू, मला याचंच फार अप्रूप वाटतं. जिच्यावर सगळ्यांचं प्रेम होतं ती रमा त्यांनी दुसरीच्या हाती सोपवली आणि पानिपतात थोरला मुलगा विश्वासराव गमावलेल्या, मग नवराही गेलेल्या त्या कडू झालेल्या बाईच्या मनात शिरल्या. मला विचारशील तर चित्रपटात लढाया आणि राजकारण घाईत उरकल्यासारखं वाटतं. वाड्यातल्या बायका एकमेकींसमोर येतात तेव्हा मात्र नजर हलत नाही. ‘स्वामी’च्या सेटवर सोळाव्या वर्षी मोठ्यांची कामं जवळून पाहिली, त्याचा उपयोग इथे झाला असणार.

आणि हे माधवराव आपल्याला परके नाहीत. १७६३ साली निजामाला त्यांनी हरवलं ते राक्षसभुवनला, आपल्याच जिल्ह्यात, गेवराईकडे गोदावरीच्या काठी. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्या गावाबद्दल आपल्याकडे कुणी काही करत नाही याची मला खंत आहे. तुला कधी जमलं तर बघ.

हातातली मालिका अर्धवट सोडू नकोस. शूटिंग संपलं की लगेच मेकअप रूममध्ये जाऊ नकोस. कॅमेऱ्यामागे थांब, एडिटिंगला बसू देतात का विचार. दादाशी मी बोलते.

तुझ्या लघुपटाची संहिता वाचली. सून छान उतरली आहे, कारण ती तूच आहेस. सासू नुसती ओरडते. ती रात्री एकटी असताना काय करते, ते लिहून पाठव. दिवाळीला येशील तेव्हा दोघी मिळून वाचू. नगरहून आता रेल्वेने थेट आष्टीला उतरता येतं, तेव्हा एसटीची सबब चालणार नाही.

तुझी,
आत्या