हातजुळणीचे पिस्तूल

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले आणि १९११ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले .४५ काडतुसाचे पिस्तूल आजही कारखान्यांत घडते आणि कारागिराच्या बाकावरही. आराखडा दोन्हीकडे तोच असल्याने खास घडवलेल्या व स्वस्त पिस्तुलांतला खरा भेद, म्हणजे जुळणीचा, येथे स्पष्ट दिसतो.

या पिस्तुलाची नळी एका जागी जखडलेली नसते. बार उडताना तिच्या पाठीवरचे उंचवटे स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, आतील खाचांत अडकलेले असतात. धक्क्याने दोन्ही किंचित मागे सरकले, की नळीखालचा छोटा दुवा तिला खाली ओढतो, उंचवटे सुटतात आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामे टरफल बाहेर फेकते. नेम धरण्याची माशी मात्र स्लाइडवर असते, नळीवर नव्हे. त्यामुळे प्रत्येक बारानंतर नळी स्लाइडमध्ये नेमकी पूर्वीच्याच जागी परतली नाही, तर नेम अचूक असूनही गोळी भरकटते.

कारखान्याला कोणतीही नळी कोणत्याही स्लाइडमध्ये बसणे हवे असते, म्हणून तो थोडी ढिलाई ठेवतो. ती सरसकट दोष मानणे अन्यायाचे ठरेल, कारण दुसऱ्या महायुद्धात रेमिंग्टन रँडसारख्या टंकलेखन यंत्रे बनवणाऱ्या कंपनीनेही ही पिस्तुले घडवली, आणि एका कंपनीचे भाग दुसरीच्या पिस्तुलात बसणे रणांगणावर अत्यावश्यक होते. कारागीर उलट मार्गाने जातो: तो मुद्दाम जाड ठेवलेली नळी घेतो, उंचवट्यांना निळा रंग लावतो, स्लाइड मिटवून उघडतो, रंग जिथे पुसला गेला तेवढ्याच जागी कानशीचा हलका हात फिरवतो आणि हेच पुन्हा पुन्हा करतो, कारण सारा भार एकाच उंचवट्यावर आला तर तोच लवकर झिजतो. ही नळी मग त्याच एका पिस्तुलाची होते.

घोड्याला रोखून धरणारा सिअर हा छोटा भाग अधिक जोखमीचा असतो. त्याची कड घासून चाप हलका करणे सोपे आहे, परंतु जास्त घासल्यास घोडा चाप न दाबताही सुटू शकतो. म्हणून कुठे थांबावे हे कळणे, हीच खऱ्या कारागिराची ओळख मानावी लागते. कॅलिफोर्नियातील आर्मंड स्वेन्सन यांच्या कामाशी जोडला गेलेला, कोणत्याही हाताच्या अंगठ्याने चालवता येणारा सुरक्षा-खटका आज कारखान्यातील स्वस्त पिस्तुलांवरही मिळतो, पण तो बसवल्याने जुळणी सुधारत नाही. जुळणीलाही मर्यादा आहे: अतिघट्ट जुळवलेले पिस्तूल थोड्या धुळीनेच अडकते, आणि ते कोणत्या कामासाठी हवे आहे हे गिऱ्हाइकाला आधीच न विचारणाऱ्याच्या कामाला, कितीही चकाकी असली तरी, खास घडवलेले म्हणता येत नाही.