नो-क्लेम कुणाचा?

विमावाले काका यायचे ते रविवारी सकाळी, बरोबर चहाच्या वेळेला. काखेत रेक्झिनची बॅग, तिच्यात कार्बन घातलेलं कव्हर नोटचं पुस्तक आणि बोटभर उरलेली पेन्सिल. बाबा हप्ता भरायला विसरले आणि मध्ये चार दिवस गेले, की त्या पेन्सिलीचं काम निघायचं. काका बॉनेट उघडून चेसिस नंबरवर पातळ कागद धरायचे आणि वरून पेन्सिल आडवी घासायचे. आम्ही चार आण्याच्या नाण्यावर करायचो, अगदी तसंच. करड्या रंगातून आकडे उमटले, की गाडी जिवंत आहे याचा दाखला झाला.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सगळे तिला फियाटच म्हणायचे. नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर आलेली, आणि स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. विम्याचा दर ठरायचा तो तिच्या १०८९ सीसीवर, तिच्या किमतीवर, वयावर आणि ती पुण्यासारख्या शहरात फिरते की आणखी कुठे, यावर. १९७३ पासून सामान्य विमा सरकारी होता. कंपन्या चार, पण दरपत्रक एकच. त्यामुळे ‘दुसरीकडे स्वस्त मिळेल’ हा संवाद आमच्या घरात कधी झालाच नाही. काका निवडायचे ते स्वभाव बघून. चाकामागे बाई बसते की बुवा, याचा दराशी काडीचा संबंध नव्हता.

आमच्याकडे बाई बसायची.

बाबांना गाडीची हौस दांडगी, चालवण्याची मात्र नाही. रविवारी धुवायची, शेजाऱ्यांना बॉनेट उघडून दाखवायची, एवढा त्यांचा वाटा. आई पदर खोचून बसायची, चोक ओढायची आणि थंडीतली फियाट दुसऱ्या झटक्यात सुरू करायची. आजीला दवाखान्यात नेणं, दर मे महिन्यात कात्रजचा घाट चढून वाईला जाणं, सगळं तिच्याकडे. घाटात मागचा ट्रकवाला आधी हॉर्न द्यायचा, मग शेजारून जाताना वाकून बघायचा आणि क्लीनरला काहीतरी सांगून हसायचा. आई काच वर करायची. वीस-बावीस वर्षांत तिच्या हातून गाडीला एकदाच ओरखडा पडला, तोही आमच्याच फाटकाचा. क्लेम एकही नाही.

क्लेम नसला की पुढच्या वर्षी नो-क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट. तीसुद्धा गाडीच्या नुकसानीच्या विम्यापुरती, थर्ड पार्टीला नाही. आणि ती सूट गाडीची नसते, ज्याच्या नावावर पॉलिसी त्याची असते. पॉलिसी, आरसी बुक, सगळं बाबांच्या नावावर. काका दरवर्षी पावती फाडताना म्हणायचे, “साहेब, तुमचा रेकॉर्ड म्हणजे स्वच्छ!” बाबा संकोचायचे वगैरे नाहीत. खुश व्हायचे.

धाकटी बहीण लग्नानंतर लेस्टरला गेली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं, की जगात विमेवाले ‘बाई आहात का?’ असंही विचारतात आणि हो म्हटलं तर पैसे कमी करतात. तिथे विमा गाडीपेक्षा माणसाचा. वय काय, धंदा काय, पत्ता कुठला, बाई की पुरुष. विशीतली पोरं गाड्या आपटतात जास्त आणि आपटतात तीही मोठ्याने, हा त्यांचा हिशेब, आणि तो खोटा नव्हता. २००५ मध्ये तर खास बायकांसाठी ‘शीलाज व्हील्स’ नावाची विमासेवा निघाली. जाहिरातीत गुलाबी कपड्यांतल्या तिघी गुलाबी गाडीतून गात यायच्या. आमच्या शीलामावशीला हे नाव फोनवर सांगितलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “माझा फोटो लावलाय का?” बहिणीला मात्र त्या गुलाबीचा राग येत नव्हता. जन्मभर बाई म्हणून घरी लवकर यायचं, बाई म्हणून जपून राहायचं. एकदा तरी बाई म्हणून चार पौंड वाचले, असं तिचं म्हणणं.

ते फार टिकलं नाही. बेल्जियममधल्या एका ग्राहक संघटनेच्या खटल्यात लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ ला निकाल दिला: विम्याचा दर ठरवताना स्त्री-पुरुष असा भेद चालणार नाही. २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसींना तो लागू झाला. बहीण चिडली. मला निकाल पटला, आणि त्यावरून आमची फोनवर चांगली जुंपली. तिचा मुद्दा, आकडे आमच्या बाजूने आहेत. माझा मुद्दा, आकडे सगळ्या बायकांचे आहेत, तुझे एकटीचे कुठे आहेत? रस्त्यावर मोबाइल कानाला लावून उलट्या दिशेने येणारी बाईही त्या सवलतीत बसते, आणि सायकलसारखी सावकाश गाडी हाकणारा तुझा नवरा बाहेर राहतो. (तो खरंच तशी हाकतो. मी त्याच्या शेजारी बसून झोपले आहे.)

आता तिचा मुलगा गाडी चालवतो. त्याच्या गाडीत एक काळी डबी आहे. ब्रेक किती जोरात दाबला, वळण कसं घेतलं, रात्री किती वाजता फिरला, सगळं ती कंपनीला सांगते. मुलगा म्हणतो, “आईपेक्षा वाईट आहे.” आपल्याकडे २००७ पासून गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्यांनी ठरवायचे झाले आणि २०२२ पासून किती चालवता, कशी चालवता, यावर हप्ता ठरवणारी जोडही मिळू लागली. थर्ड पार्टी अजून सरकार ठरवतं, अजून सीसीवर. मी विमा फोनवर भरते. पेन्सिल नाही, काका नाहीत, चहा नाही. चेसिस नंबरचा फोटो मात्र एकदा मागितला होता, तेव्हा बॉनेट कुठून उघडतं, हेच मला आठवेना.

ती काळी डबी आईच्या काळात असती, तर तिचा रेकॉर्ड तिच्या नावावर लागला असता, असं मला अनेकदा वाटतं. बाबा २००५ मध्ये गेले. तोवर फियाट जाऊन मारुती आली होती, नो-क्लेम चढत चढत पन्नास टक्क्यांवर पोचला होता. गाडी नावावर करायला मी आईबरोबर गेले. काउंटरवरचा माणूस खरोखरच चांगला होता. त्याने मृत्यूचा दाखला पाहिला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, “काळजी करू नका ताई. साहेबांनी इतकी वर्षं गाडी सांभाळून चालवली, त्यांचा बोनस वारस म्हणून तुम्हाला मिळतो. तसा नियमच आहे.”

आईने पर्समधून चष्मा काढला, घातला आणि कुठे सही करायची ते विचारलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर टेबलाखालून तिने माझा पाय दाबला.

बाहेर आल्यावर गाडीत बसली, पदर खोचला, आरसा स्वतःकडे वळवून घेतला. म्हणाली, “त्यांच्या नावावर एवढं तरी चांगलं राहू दे की.” आणि पहिला टाकून निघाली.