विलंब नेमका कुठे होता?

मराठीच्या अध्यापकांनी डेटाबेसच्या वेगाविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. आम्हालाही ते परवापरवापर्यंत वाटले असते. परंतु मध्यंतरी आमच्या हातून एक चूक घडली. ती उलगडताना जे शिकावे लागले, ते वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडावे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या विभागातून पूर्वीच निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आयुष्यभर एकच छंद जोपासला. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिके वाचायची आणि त्यांत भेटणाऱ्या शब्दांची कार्डे करायची. 'दर्पण' 1832 साली निघाले, 'विविधज्ञानविस्तार' 1867 साली आणि 'निबंधमाला' 1874 साली. या साऱ्या काळातून सर फिरले. प्रत्येक कार्डावर मूळ लेखनातला शब्द, वर्ष, नियतकालिकाचे नाव, वापराचे वाक्य आणि खाली सरांचे टिपण. अशी साठ हजारांच्या आसपास कार्डे लाकडी खणांत होती. ती संगणकावर उतरवण्याचे काम आम्ही तिघा अध्यापकांनी अंगावर घेतले. विद्यार्थ्यांच्या मदतीने तीन वर्षांत नोंदणी पूर्ण झाली. पोस्टग्रेस हा विनामूल्य मिळणारा डेटाबेस निवडला आणि त्याला प्रश्न विचारण्याची एस्क्यूएल ही भाषा पुस्तकावरून जमेल तेवढी शिकून घेतली.

आमचा मुख्य प्रश्न साधा होता : अमुक एका अक्षराने सुरू होणाऱ्या प्रत्येक नोंदीसमोर तो शब्द सर्वांत आधी कोणत्या वर्षी आढळतो, ते दाखवा. मात्र त्यात एक अडचण होती. जुन्या छापील मजकुरात 'नांव', 'कांही', 'मुलें' अशी अनुस्वारयुक्त रूपे असतात. 1962 च्या लेखननियमांनी त्यांतील अनेक अनुस्वार गेले. ऱ्हस्वदीर्घाचे वळणही त्या काळी एकसारखे नव्हते. तेव्हा तुलना करण्याआधी प्रत्येक शब्दातील अनुस्वार काढून टाकावा आणि सर्व वेलांट्या-उकार ऱ्हस्व करावेत, म्हणजे जुने आणि नवे रूप एकाला एक जुळेल, अशी युक्ती आम्ही योजली. त्यासाठी एक छोटे फंक्शन लिहिले आणि क्वेरीत बसवले. उत्तर आले. फक्त 'द' या अक्षरातील चार हजार नोंदींसाठी ते यायला चार मिनिटे लागली.

चार मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, पण वर्गात पंचवीस विद्यार्थी पडद्याकडे पाहत बसलेले असताना ती संपत नाहीत. आम्ही विचारविनिमय केला. दोष सरांच्या टिपणांचा असणार, असे तिघांनाही एकदमच वाटले. टिपणे लांबलचक होती. काही कार्डांवर तर शब्द एक आणि टिपण पाऊण पानाचे. एवढे ओझे घेऊन यंत्र धावणार कसे? आम्ही टिपणे मूळ तक्त्यातून काढून एका बाजूच्या तक्त्यात टाकली. दहा-बारा सेकंद वाचले. तेवढ्यावरून आमचे निदान बरोबर असल्याची आमची खात्री पटली. प्रकल्पाच्या अहवालात 'टिपणांच्या विस्तारामुळे शोधास विलंब होतो, सबब ती वगळण्यात येत आहेत' असे वाक्य लिहून मोकळे झालो.

सरांना सांगायला गेलो तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "यंत्राला जड होत असतील तर काढा. तुम्हाला त्यातलं कळतं." ऐंशी वर्षांच्या माणसाने आपली चाळीस वर्षे इतक्या सहज बाजूला सारावीत, याचे आम्हाला त्या दिवशी वाईट वाटले, आपण त्यांना काय सांगितले हे तपासून पाहावे, असे मात्र सुचले नाही.

पुढे एकदा संगणक विभागातील सहकारी मॅडमना हा सारा वृत्तांत सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पण तुम्ही मोजलंत का?"

आम्ही एकूण वेळ मोजला होता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. एकूण वेळातला कोणता भाग कोणत्या पायरीवर गेला, हे मोजणे म्हणजे प्रोफायलिंग. डॉनल्ड कनूथ यांनी 1971 साली फोरट्रान भाषेतील प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रामांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत दिसले ते असे की, प्रोग्रामच्या चार टक्क्यांहून कमी भागातच सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. तो भाग कोणता, याचा लिहिणाऱ्याचा अंदाज बहुधा चुकतो, असे मॅडमनी वर जोडले. आमचा चुकलाच होता.

एस्क्यूएलच्या बाबतीत ही गोष्ट आणखी अवघड होते, कारण या भाषेत आपण काय हवे तेवढेच सांगतो, ते कसे शोधावे हे सांगत नाही. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर ही भाषा उभी आहे. चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिचे पहिले रूप 1974 साली मांडले. 'कसे' हे ठरवण्याचे काम प्लॅनर नावाचा घटक करतो. अनेक मार्गांच्या खर्चाचा अंदाज घेऊन स्वस्तातला मार्ग निवडण्याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली मांडली आणि आजचे बहुतेक डेटाबेस त्याच वाटेने जातात. म्हणजे आपण लिहिलेले वाक्य आणि यंत्राने केलेले काम यांच्यामध्ये एक अर्थ लावणारा बसलेला असतो. त्याने कोणता अर्थ लावला, हे आपले वाक्य पुन्हापुन्हा वाचून कळत नाही. ते त्यालाच विचारावे लागते.

विचारण्याची सोय सोपी आहे. क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' हा शब्द लिहिला की पोस्टग्रेस क्वेरी न चालवता केवळ आपला बेत आणि अंदाज सांगते. 'एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ' लिहिले की ती क्वेरी खरोखर चालवते आणि अंदाजाशेजारी प्रत्यक्षाचे आकडे मांडते. (खरोखर चालवते, हे ध्यानात ठेवावे. नोंदी पुसण्याच्या आज्ञेपुढे हे शब्द लिहिले तर नोंदी पुसल्या जातात.) मॅडमनी आम्हाला तीन वेळा मोजायला लावले, कारण पहिल्या खेपेला डिस्कवरून वाचलेला मजकूर दुसऱ्या खेपेला स्मृतीत तयार असतो आणि वेग फसवा दिसू शकतो.

पडद्यावर जे उमटले ते पाहून शाळेतले वाक्यपृथक्करण आठवले. एकाखाली एक, आत आत सरकत गेलेल्या ओळी. सर्वांत आतली पायरी आधी घडते आणि तिचे फळ बाहेरची पायरी घेते. प्रत्येक ओळीत प्रत्यक्ष वेळ म्हणून दोन आकडे, मध्ये दोन टिंबे : पहिला आकडा पहिली नोंद हाती येईपर्यंतचा, दुसरा पायरी संपेपर्यंतचा. सर्वांत आतल्या ओळीत दुसरा आकडा साठ मिलिसेकंदांच्या आसपास होता. आम्ही म्हणालो, "ही पायरी तर निर्दोष आहे." मॅडमनी त्याच ओळीच्या टोकाला असलेल्या 'लूप्स' या शब्दावर बोट ठेवले. तिथे 4,000 लिहिले होते. दाखवलेला वेळ हा एका फेरीचा सरासरी वेळ असतो, तो फेऱ्यांनी गुणायचा असतो. साठ मिलिसेकंद गुणिले चार हजार, म्हणजे दोनशे चाळीस सेकंद. आमची चार मिनिटे त्या एका ओळीत होती.

त्याखालची ओळ अधिक बोलकी होती : गाळणीने वगळलेल्या नोंदी, फेरीमागे 59,997. म्हणजे प्रत्येक शब्दासाठी यंत्र साठ हजार कार्डे उघडत होते, प्रत्येकावर आमचे फंक्शन चालवत होते आणि दोन-तीन ठेवून बाकीची परत खणात टाकत होते. चोवीस कोटी वेळा. टिपणांच्या तक्त्याचा या साऱ्यात कोठेही उल्लेख नव्हता.

शब्दांच्या रकान्यावर आम्ही इंडेक्स केलेला होता, मग तो वापरला का गेला नाही? ग्रंथाच्या शेवटची शब्दसूची मूळ लेखनानुसार लावलेली असेल आणि आपण शोध मात्र बदललेल्या रूपांचा घेत असू, तर त्या सूचीचा उपयोग काय? प्रत्येक पान उलटून, प्रत्येक शब्द मनात बदलून पाहावा लागेल. आम्ही रकान्याभोवती फंक्शन गुंडाळले आणि इंडेक्स आंधळा झाला. प्लॅनरही अंधारातच होता. त्या फंक्शनच्या उत्तरांची आकडेवारी त्याच्याकडे नव्हती. अशा वेळी पोस्टग्रेस दोनशेच वेगळी मूल्ये आहेत असे गृहीत धरते. साठ हजारांना दोनशेने भागून त्याने प्रत्येक फेरीत 300 नोंदी मिळतील असा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात तीन मिळत होत्या. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जिथे असे अंतर पडते तिथे थांबावे, हा प्लॅन वाचण्याचा पहिला धडा.

उपाय आमच्या पुस्तकातही होता. फंक्शनच्या उत्तरांवरच इंडेक्स करता येतो. आम्ही तो केला, आकडेवारी ताजी केली, आणि चार मिनिटांची क्वेरी अर्ध्या सेकंदाच्या आत परतली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

येथे हा लेख संपला असता तर बरे झाले असते. परंतु उत्तर तत्काळ येऊ लागल्यावर आम्ही प्रथमच ते नीट वाचू लागलो. चार मिनिटांच्या प्रतीक्षेनंतर यादी आली यातच समाधान असे, तिच्यातला मजकूर तपासण्याचे त्राण कोणाला? आता पुन्हापुन्हा विचारता येत होते, आणि तिसऱ्याच दिवशी दिसले की 'दीन' आणि 'दिन' यांच्यासमोर एकच वर्ष आहे. वेलांटी ऱ्हस्व केल्यावर गरीब आणि दिवस एक झाले होते. मग शोधत गेलो. सुत आणि सूत, म्हणजे मुलगा आणि धागा, एक. पाणि आणि पाणी, म्हणजे हात आणि जल, एक. अनुस्वार सरसकट काढल्याने 'अंग' आणि 'अग' यांतही भेद उरला नव्हता. आमची क्वेरी आरंभापासून चुकीची होती. संथ होती तेव्हाही चुकीची आणि वेगवान झाल्यावरही चुकीची. प्रोफायलर वेळ कुठे गेला ते सांगतो. उत्तर खरे आहे की नाही, हे तो सांगत नाही, त्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही. ते काम आमचे होते, आणि मराठीचे अध्यापक म्हणून तेवढेच तर आमचे होते.

आता प्रत्येक जुन्या रूपाचे आजचे नेमके रूप हवे होते, आणि ते कोणत्याही फंक्शनने मिळणारे नव्हते. ते ठरवायला वाक्य वाचावे लागते. निराश होऊन आम्ही मूळ खण पुन्हा उघडले. कार्डावर टिपणाच्या अगदी आरंभी, लाल शाईने, एक शब्द लिहिलेला होता : आजचे लेखन. दुसऱ्या कार्डावर तसेच. तिसऱ्यावरही. नोंदणी करताना विद्यार्थ्यांनी तो शब्द इमाने टिपणाचा पहिला शब्द म्हणून उतरवला होता आणि आम्ही तो टिपणासकट बाहेर काढला होता. सरांनी साठ हजार वेळा थांबून, वाक्य वाचून जो निर्णय घेतला होता, त्याच्या जागी आम्ही एका ओळीचे फंक्शन बसवले होते.

बाजूच्या तक्त्यातून तो पहिला शब्द वेगळा काढून मूळ तक्त्यात त्याचा स्वतंत्र रकाना केला. त्यावर साधा इंडेक्स केला. क्वेरीतले फंक्शन गेले. वेग तोच राहिला आणि दिन-दीन पुन्हा वेगळे झाले.

सरांकडे गेलो आणि सर्व सांगितले, काही न लपवता. टिपणांनी विलंब होत नव्हता, तो आम्ही लिहिलेल्या ओळीत होता, हेही सांगितले. सर बराच वेळ लॅपटॉपवरची यादी पाहत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "दिन आणि दीन एक केलेत? परीक्षेत असं लिहिलं असतंत तर मी तुम्हाला नापास केलं असतं." ते हसले, म्हणून आम्हीही हसलो. निघताना त्यांनी विचारले, "मग टिपणं परत येणार का?" त्या प्रश्नात इतका संकोच होता की आमच्याने उत्तर पटकन देववले नाही.

टिपणे परत आली आहेत. अहवाल मात्र छापून गेला होता. त्याला आम्ही एका पानाचे शुद्धिपत्र जोडले. 'टिपणांच्या विस्तारामुळे शोधास विलंब होतो' हे वाक्य त्यात रद्द केले, विलंबाचे खरे कारण लिहिले, आणि खाली दोन्ही प्लॅन, आधीचा व नंतरचा, जसेच्या तसे छापले. कोणालाही ते वाचून आमचे निदान तपासता येईल.