गहू बंद करण्याआधी

आंधळगावात बांधीवर गेलो की कुणीतरी विचारतंच, "साहेब, पोर वाळत चाललं, पोट फुगते, हगवण थांबत नाही. गहू बंद करू का?"

मी म्हणतो, थांबा. धान पिवळं पडलं तर नत्र कमी की जस्त, हे पाहूनच आपण खत देतो ना? जंत, आमांश, दूध न पचणं यांतही पोट बिघडतं. सिकलसेलमध्येही पोर फिकं पडतं. सिलिअ‍ॅक वेगळा. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. डॉक्टरांकडून रक्त तपासा, तेही गहू खाणं चालू असतानाच. नाहीतर तपासणी फसते. सिलिअ‍ॅक निघालाच, तर गहू आणि जव जन्मभर वर्ज्य. भात, ज्वारी खुशाल द्या. पण ज्वारीचं दळण गव्हावर दळू नका.