नदीपात्रातला सराव

हे गेल्यापासून लेक दार लावून बसायची. जेवायला हाक मारली तरी "भूक नाही" एवढंच. मग आषाढात एका मैत्रिणीच्या मागे लागून ढोलपथकात गेली. सासूबाई कडाडल्या, "वर्ष झालं नाही अजून, ढोल कसले वाजवता?" पथकांच्या दणदणाटाबद्दल माझंही मत बरं नव्हतं, आजही नाही. पण ती गेली.

आता बोटांना फोड घेऊन येते. टिपरू कसं धरायचं, दमट हवेत पान कसं सैल पडतं, दोऱ्या ओढून ढोल कसा ताणायचा, सगळं जेवताना सांगते. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला सराव बंद; त्या दिवशी नुसती चिडचिड. पथकातल्या एका मुलाचे वडील करोनात गेले. ढोल आवळताना दोघं आपापल्या बाबांबद्दल बोलतात म्हणे. घरात आम्ही तिघी ते नाव टाळत होतो.

काल सासूबाईंनीच तिच्या बोटांना तूप-हळद लावली. "तुझ्या बाबाला तालाचं अंग नव्हतं हो, आरतीला टाळ्यासुद्धा चुकवायचा," म्हणाल्या. तिघीही हसलो, मग रडलो.

यंदा गणपती दिरांकडे बसणार आहे. ती मात्र मिरवणुकीत वाजवणार, असं सासूबाईंनी त्यांना फोन करून सांगून टाकलंय.